डेव्हलपर टीमला अ‍ॅक्सेसिबिलिटी शिकवायची आहे? सुरुवात इथून करा

क्लायंटने ऑडिट करून घेतलं, अहवालात चुकांची भलीमोठी यादी आली आणि "टीमला एकदा ट्रेनिंग देऊन टाका" म्हणत ते काम तुमच्याकडे आलं. तुम्ही डेव्हलपर असाल, टेस्टर असाल, नाहीतर प्रोजेक्ट मॅनेजर. संकेतस्थळं आणि कागदपत्रं दिव्यांग माणसांना वापरता येतील अशी कशी बनवायची, हे तुम्हीही नुकतंच शिकायला घेतलं आहे, आणि आता ते दुसऱ्यांना शिकवायचं आहे. अशांसाठी हा लेख आहे. मी पुण्यातल्या काही टीमना हे शिकवलं आहे. त्यातून काय उपयोगी पडतं आणि कशात वेळ फुकट जातो, ते इथे क्रमाने देते.

माझं ठाम मत आधीच सांगते. नियमांच्या स्लाइड दाखवून हा विषय कोणालाही येत नाही. डेव्हलपरने स्वतः लिहिलेलं पान माऊसशिवाय वापरून बघितलं, संगणकाला ते वाचायला लावून स्वतःच्या कानांनी ऐकलं, की तो बदलतो. त्यामुळे प्रशिक्षणाचा तीन चतुर्थांश वेळ लोकांचे हात कीबोर्डवर असले पाहिजेत आणि समोर त्यांचंच उत्पादन असलं पाहिजे.

१. आधी कामं निवडा, नियम मागाहून

डब्ल्यूसीएजी ही वेबच्या अशा सुगम्यतेसाठी जगभर मानली जाणारी नियमावली. तिची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. ए आणि डबल ए या दोन पातळ्या मिळून तिच्यात ५५ निकष आहेत. पहिल्याच दिवशी हे सगळे वाचून दाखवायला घेतलेत तर जेवणाच्या सुट्टीनंतर अर्धी खोली रिकामी होईल.

त्यापेक्षा तुमच्या उत्पादनात माणूस नेमकं काय करायला येतो, अशी चार-पाच कामं काढा. बँकेचं ॲप असेल तर लॉगिन, शिल्लक बघणं, पैसे पाठवणं, विवरणपत्र उतरवून घेणं, तक्रार नोंदवणं. कॉलेजचं संकेतस्थळ असेल तर प्रवेशअर्ज, शुल्क भरणं, वेळापत्रक, निकाल. प्रत्येक काम एका ओळीत लिहा. पुढची सगळी सत्रं याच कामांवर चालवा.

नमुन्यादाखल दुसऱ्याचं संकेतस्थळ घेऊ नका. दुसऱ्याच्या चुका बघायला सगळ्यांना आवडतं, पण सोमवारी आपल्या कोडमध्ये काय बदलायचं ते त्यातून कळत नाही. "चांगलं पान कसं असतं" हे दाखवायचंच असेल तर वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेने "आधी आणि नंतर" असं एक प्रात्यक्षिक संकेतस्थळ ठेवलं आहे. एकच पान, एकदा बिघडलेलं आणि एकदा दुरुस्त केलेलं. तेवढं पुरे.

२. लागणारं साहित्य आणि कागद

खोलीत बसायच्या आधी हे तयार हवं:

- प्रत्येकी एक विंडोज लॅपटॉप आणि त्यावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. तो मोफत आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणाने तो २००६ मध्ये सुरू केला, पुढे जेम्स तेह जोडीला आला. ही माहिती टीमला जरूर सांगा.
- प्रत्येकाला हेडफोन. एका खोलीत दहा स्क्रीन रीडर एकदम बोलू लागले तर कोणालाच काही कळत नाही.
- टॉकबॅक हा स्क्रीन रीडर असलेला किमान एक अँड्रॉइड फोन, आणि जमल्यास आयफोनच्या व्हॉइसओव्हर या स्क्रीन रीडरसाठी एक आयफोन.
- ब्राउझरसाठी ॲक्स डेव्हटूल्स आणि वेव्ह ही चुका आपोआप शोधणारी दोन एक्स्टेन्शन.
- रंगांतला फरक मोजायला एखादा कॉन्ट्रास्ट ॲनलायझर.
- पीडीएफ तपासायला पॅक हे मोफत साधन.
- स्टेजिंग सर्व्हरची परवानगी आणि चाचणीची खाती. इथे बहुतेकांची फसगत होते. ओटीपी भलत्याच फोनवर जातो, कॅप्चा बंद केलेला नसतो, आणि पहिला तास लॉगिन करण्यातच जातो. आदल्या दिवशी स्वतः लॉगिन करून बघा.
- कंपनीच्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअर टाकायला आयटी विभागाची मंजुरी लागत असेल तर आठवडाभर आधी मागा.
- बाहेरून येणाऱ्या दिव्यांग सहप्रशिक्षकाच्या मानधनाची लेखी मंजुरी. याबद्दल चौथ्या भागात.

३. कायद्याला अर्धा तास द्या, जास्त नको

डेव्हलपरला कलमं पाठ असायची गरज नाही, पण "हे क्लायंटच्या हट्टापायी चाललंय" हा समज दूर व्हायला हवा. तेवढ्यासाठी पुढची माहिती पुरते.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ सालचा. त्यात २१ प्रकारची दिव्यांगता धरली आहे. कलम ४२ माहिती-तंत्रज्ञानाबद्दल आहे, तर कलम ४६ सेवा देणाऱ्या सगळ्यांना लागू होतं, सरकारी असोत की खासगी. कलम ८९ प्रमाणे पहिल्या उल्लंघनाला १० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पुढच्या प्रत्येक उल्लंघनाला ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत. तांत्रिक बाजूला आयएस १७८०२ हे भारतीय मानक आहे. त्याचा पहिला भाग २०२१ मध्ये आणि दुसरा २०२२ मध्ये आला. सरकारी संकेतस्थळांसाठी जीआयजीडब्ल्यू ३.० ही मार्गदर्शक तत्त्वं आहेत.

मात्र खोलीतल्या लोकांचं लक्ष खरं वेधून घेतो तो सर्वोच्च न्यायालयाचा ३० एप्रिल २०२५ चा निकाल. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून यांना बँकेत खातं उघडता येईना, कारण डिजिटल केवायसीत कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करून दाखवायची अट होती आणि डोळ्यांना झालेल्या इजेमुळे ती त्यांना पाळता येत नव्हती. त्याच सुनावणीत दुसरी याचिका पूर्ण अंध असलेल्या अमर जैन यांची होती. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं आणि केवायसी सुगम्य करण्यासाठी २० निर्देश दिले. त्यानंतर जुलै २०२५ मध्ये सेबीनेही आपल्या अखत्यारीतल्या संस्थांसाठी परिपत्रक काढलं. शेअरबाजार किंवा म्युच्युअल फंडाचं काम करणाऱ्या टीमना त्याची चाहूल एव्हाना लागलेली असते.

ही उघडझापेची गोष्ट सांगून झाली की विचारा, "ती अट कोणी लिहिली असेल?" उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं. आपल्यासारख्याच कोणत्या तरी टीमने, कोणत्या तरी स्प्रिंटमध्ये, वाईट हेतू न ठेवता. त्या क्षणी कायदा बाजूला ठेवा आणि कामाला लागा.

४. दिव्यांग सहप्रशिक्षकाला बोलवा, डोळ्यांना पट्टी बांधू नका

बऱ्याच ठिकाणी प्रशिक्षणाच्या सुरुवातीला सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून "आता संगणक वापरा" म्हणतात. हे करू नका. पाच मिनिटांच्या अंधारात माणसाला फक्त भीती आणि दया वाटते. वर्षानुवर्षं स्क्रीन रीडर वापरणाऱ्याचं कौशल्य त्यात दिसत नाही. उलट "बिचारे कसं करत असतील" असा भाव घेऊन लोक उठतात, आणि त्या भावनेतून चांगला कोड लिहिला जात नाही.

रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या व्यक्तीला बोलवा. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं एक्सआरसीव्हीसी हे केंद्र किंवा अंधांसाठी काम करणारी वरळीची नॅब यांच्यासारख्या संस्थांकडे चौकशी करता येईल. तुमच्या गावात अंधांसाठी काम करणारी संस्था असेल तर तिथेही विचारा. दोन गोष्टी आधी ठरवा. एक, मानधन. इतर तांत्रिक सल्लागाराला जेवढं देता तेवढंच. "समाजकार्य म्हणून या" असं म्हणू नका, ते त्यांच्या कामाचं मोल कमी करणं आहे. दुसरं, येण्याजाण्याची सोय, आणि व्हीलचेअर वापरणारं कोणी असेल तर उंबरा, लिफ्ट आणि स्वच्छतागृह आधी स्वतः जाऊन बघणं.

सत्रात त्यांना तुमच्या यादीतलं पहिलं काम करायला सांगा आणि टीमला गप्प बसवा. हे सगळ्यात अवघड असतं. डेव्हलपर लगेच "तिकडे वर उजवीकडे बटन आहे" असं सांगायला धावतात. सांगू देऊ नका. आणखी एक: सरावलेल्या माणसाचा स्क्रीन रीडर इतक्या वेगाने बोलतो की नवख्याला एक शब्द कळत नाही. पहिल्यांदा त्यांच्या नेहमीच्या वेगाने ऐकू द्या, मग वेग कमी करायची विनंती करा. तो पहिला वेग ऐकल्यावर खोलीतल्या लोकांच्या नजरेत जो आदर येतो, तो कुठल्याही भाषणाने येत नाही.

अंधत्वापाशी थांबूही नका. अधू दृष्टीची माणसं पान ४०० टक्के मोठं करून वाचतात. बहिऱ्या माणसाला व्हिडिओखाली मजकूर लागतो. हात थरथरणाऱ्याला लहान बटन दाबता येत नाही. डिस्लेक्सिया असलेल्याला मजकुराची भिंत झेपत नाही. वेगवेगळ्या सत्रांना वेगवेगळी माणसं बोलावता आली तर उत्तमच.

५. पहिलं सत्र: माऊस बाजूला ठेवा

दोन तास. माऊस गोळा करून टेबलावर ठेवा, टचपॅडला हात लावायचा नाही. टॅब, शिफ्ट-टॅब, एंटर, स्पेस, बाणांच्या कळा आणि एस्केप, एवढंच हत्यार. निवडलेलं काम पूर्ण करायचं. शेजारी कागदावर अडलेली प्रत्येक जागा लिहायची.

बहुतेक टीमना याच चुका सापडतात:

फोकस, म्हणजे कीबोर्ड आत्ता पानावरच्या कोणत्या घटकावर आहे, तेच दिसत नाही. डिझाइनरला ती निळी चौकट आवडली नाही म्हणून कोणीतरी सीएसएसमध्ये आउटलाइन काढून टाकलेली असते. ती एक ओळ परत आणली की संकेतस्थळ कितीतरी सुधारतं.

"पुढे जा" हे बटन टॅबने सापडतच नाही, कारण ते बटन नसतंच. डिव्हला, म्हणजे एचटीएमएलच्या नुसत्या चौकटीला, रंग देऊन त्यावर ऑनक्लिक लावलेलं असतं. इथे थांबा आणि नीट शिकवा. एचटीएमएलचा खरा बटन टॅग वापरला की फोकस मिळतो, एंटर आणि स्पेस दोन्ही चालतात, स्क्रीन रीडरला "हे बटन आहे" हे कळतं, आणि यातल्या कशासाठीही एक ओळ जास्त लिहावी लागत नाही. डिव्हने तेच करायचं तर सगळं हाताने लिहावं लागतं आणि त्यातलं काहीतरी राहतंच. या संपूर्ण प्रशिक्षणातून टीमने एकच गोष्ट घरी नेली तर ती ही असू दे.

पॉपअप उघडतो, पण फोकस मागच्याच पानावर फिरत राहतो. किंवा फोकस आत जातो आणि एस्केप दाबूनही बाहेर पडता येत नाही. जन्मतारखेसाठी कॅलेंडर उघडतं आणि १९६८ पर्यंत महिना-महिना मागे जावं लागतं. तारीख टाइप करू द्या, इतकं सोपं उत्तर असतं.

प्रत्येक पानावर मेनूतल्या चाळीस दुव्यांतून जावं लागतं. "मुख्य मजकुराकडे जा" हा दुवा सुरुवातीलाच दिला की हा त्रास संपतो.

सत्र संपता संपता प्रत्येकाने स्वतःच्या कोडमधली एक तरी चूक तिथेच दुरुस्त करावी. "नंतर करू" म्हणू देऊ नका.

६. दुसरं सत्र: एनव्हीडीए लावून ऐका

सुरुवातीला टूल्स मेनूतला स्पीच व्ह्यूअर चालू करायला सांगा. एनव्हीडीए जे बोलतो ते त्या खिडकीत लिहूनही दिसतं, त्यामुळे नवख्यांची धांदल कमी होते. बोलणं थांबवायची कळ म्हणजे कंट्रोल. ती पहिली शिकवा, नाहीतर लोक घाबरून सरळ लॅपटॉप बंद करतात. मग या कळा: एच दाबला की पुढचं हेडिंग, १ ते ६ दाबले की त्या पातळीचं हेडिंग, एफ म्हणजे फॉर्ममधले रकाने आणि बटनं, के म्हणजे दुवे, टी म्हणजे तक्ता, डी म्हणजे पानाचे भाग. इन्सर्ट आणि एफ७ एकत्र दाबले की सगळ्या दुव्यांची आणि हेडिंगची यादी उघडते.

त्या यादीवर थोडा वेळ थांबा. "इथे क्लिक करा, इथे क्लिक करा, अधिक वाचा, अधिक वाचा" अशी यादी समोर आली की दुव्याला अर्थपूर्ण नाव का द्यायचं हे वेगळं सांगावं लागत नाही. हेडिंगची यादी रिकामी आली तर तेही बोलकं असतं. वेबएम या अमेरिकी संस्थेच्या पाहणीत स्क्रीन रीडर वापरणाऱ्या दहापैकी सात जणांनी सांगितलं होतं, की मोठ्या पानावर माहिती शोधताना आपण सर्वात आधी हेडिंगवरून उड्या मारत जातो. अक्षर ठळक आणि मोठं केलं म्हणून हेडिंग होत नाही, तसा टॅग लागतो.

रिअ‍ॅक्ट किंवा अँग्युलरवर काम करणाऱ्यांना एक खास प्रयोग द्या. मेनूतला दुवा दाबा आणि ऐका. बऱ्याचदा काहीच ऐकू येत नाही. पडद्यावर सगळं पान बदललेलं असतं, पण ब्राउझरच्या लेखी पान तेच असल्यामुळे स्क्रीन रीडर गप्प राहतो. अशा वेळी पानाचं शीर्षक बदलायचं आणि फोकस नव्या मजकुराच्या हेडिंगवर न्यायचा. "अर्ज जमा झाला" हा संदेशही तसाच मुका राहतो. त्यासाठी लाइव्ह रीजन लागतो, म्हणजे मजकूर बदलला की स्क्रीन रीडरला तो आपोआप वाचायला लावणारा पानाचा भाग.

मोबाइलसाठी टॉकबॅकचा तासभर सराव पुरे: उजवीकडे बोट सरकवलं की पुढचा घटक, दोनदा टिचकी मारली की निवड. आपल्याकडे असंख्य लोकांचा इंटरनेटशी संबंध फक्त फोनवरूनच येतो, म्हणून हा तास गाळू नका.

७. तिसरं सत्र: कोड आणि डिझाइन

इथे डिझाइनरना बोलवाच. निम्म्या चुका कोडपर्यंत पोहोचण्याआधीच झालेल्या असतात.

रंग: साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी ४.५ ला १ इतका फरक लागतो, मोठ्या मजकुराला ३ ला १. पांढऱ्यावर ७७७७७७ हा राखाडी रंग अगदी थोडक्यात नापास होतो आणि ७६७६७६ पास होतो. हे दोन्ही शेजारी ठेवून मोजायला लावा, डिझाइनरच्या कायम लक्षात राहतं. रकाना चुकला हे फक्त लाल रंगाने सांगू नका, शब्दांतही लिहा.

फॉर्म: प्रत्येक रकान्याला लेबल, आणि ते कोडमध्ये रकान्याशी जोडलेलं. रकान्याच्या आत फिकट अक्षरात लिहिलेली सूचना म्हणजे लेबल नव्हे. टाइप करायला लागलं की ती नाहीशी होते. चूक दाखवणारा संदेश "अवैध माहिती" असा नको. "पिन कोड सहा आकडी हवा" असा हवा. ओटीपीला दिलेला वेळ तपासा. स्क्रीन रीडरवर मेसेज उघडून, आकडे ऐकून, परत येऊन टाइप करायला वेळ लागतो. वेळ वाढवून घेण्याची सोय ठेवा.

कॅप्चा: वाकडी-तिकडी अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा हा अंध माणसाच्या तोंडावर लावलेला दरवाजा आहे. तो काढता आला तर काढा, निदान दुसरा मार्ग तरी द्या.

चित्रं: प्रत्येक चित्राला अल्ट मजकूर, म्हणजे स्क्रीन रीडरला वाचता येईल असं शब्दांतलं वर्णन, हवा, पण तो लिहिण्याआधी "हे चित्र इथे कशासाठी आहे?" हे विचारायला शिकवा. नुसत्या सजावटीचं असेल तर अल्ट रिकामा ठेवायचा, अ‍ॅट्रिब्यूट काढून टाकायचा नाही. तो काढला तर काही स्क्रीन रीडर फाइलचं नाव वाचत सुटतात. योजनेची सगळी माहिती एका पोस्टरच्या चित्रात कोंबण्याची आपल्याकडे फार सवय आहे. ते पोस्टर ठेवा, पण तोच मजकूर खाली लिहूनही द्या.

बटनांचा आकार: किमान २४ गुणिले २४ पिक्सेल. ही अट डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये नव्याने आली.

एआरआयए: हुशार डेव्हलपर इथेच घसरतात. हे अ‍ॅट्रिब्यूट स्क्रीन रीडरला जास्तीची माहिती देण्यासाठी आहेत. एचटीएमएलच्या टॅगने काम होत असेल तर ते लावायचेच नाहीत. वेबएम दरवर्षी दहा लाख मुख्यपृष्ठं तपासते. त्यात एआरआयए असलेल्या पानांवर सरासरीने जास्त चुका सापडतात. चुकीचा रोल, म्हणजे "हा घटक काय आहे" याची चुकीची ओळख, दिली तर स्क्रीन रीडर ती खरी मानतो आणि माणसाला खोटं सांगतो.

८. मराठी मजकुराला वेगळं सत्र द्या

इंग्रजीतल्या तयार अभ्यासक्रमांत हे नसतं, म्हणून इथे तुम्हालाच मेहनत घ्यावी लागेल.

पहिली तपासणी: पानाच्या एचटीएमएल टॅगमधला भाषेचा कोड. विकत घेतलेल्या टेम्प्लेटमध्ये तो इंग्रजीचा असतो, आणि मराठी मजकूर भरला तरी तो बदलायचं कोणाच्या लक्षात येत नाही. मग स्क्रीन रीडर पान इंग्रजी समजून इंग्रजी आवाज लावतो. काही आवाज देवनागरी अक्षरं चक्क गाळतात. मराठीचा कोड लावला आणि एनव्हीडीएसोबत येणारं ईस्पीक हे बोलणारं साधन निवडलेलं असलं, की त्याचा मराठी आवाज आपोआप चालू होतो. तो यांत्रिक वाटतो, पण शब्द कळतात. मराठी पानात इंग्रजी परिच्छेद असेल तर तेवढ्यापुरता इंग्रजीचा कोड द्या.

दुसरी: युनिकोड. श्रीलिपी, आयएसएम किंवा तशाच जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण आत रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. स्क्रीन रीडर तीच वाचतो. सर्चमध्येही तो सापडत नाही. ओळखायची रीत सोपी: मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. अगम्य अक्षरं आली तर तो युनिकोड नाही. कन्व्हर्टर मिळतात, पण रूपांतरानंतर रफार, जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांखालून घालावीच लागते.

तिसरी: ओळींची उंची. इंग्रजीसाठी बसवलेल्या चौकटीत मराठीच्या वरच्या आणि खालच्या मात्रा कापल्या जातात. अक्षर २०० टक्के मोठं करून बघा. अक्षरांमधलं अंतर वाढवणं मात्र देवनागरीत चालत नाही, शिरोरेखा तुटते. अंतरं वाढवल्यावरही पान टिकायला हवं असा डब्ल्यूसीएजीचा निकष आहे, पण एखाद्या लिपीत ज्या प्रकारचं अंतर वापरलंच जात नाही त्यापुरती त्यात सूट आहे. ऑडिटरने यावरून चूक काढली तर ही सूट त्याला दाखवा.

भाषेबद्दलही एक विनंती. "सदरहू अर्जदाराने उपरोक्त नमूद केल्यानुसार" हे कानाने ऐकून एकदाच समजून घ्यायचं आहे, असं समजून लिहा. शिकताना अडचण असलेल्यांना, वयस्करांना आणि खरं तर सगळ्यांनाच "वर लिहिल्याप्रमाणे" बरं पडतं.

९. वर्ड आणि पीडीएफ

"आम्ही कोड लिहितो, कागदपत्रं ऑफिसवाले बनवतात" असं डेव्हलपर म्हणतात. तेव्हा विचारा: बिल, विवरणपत्र, गुणपत्रिका, प्रवेशपत्र ही पीडीएफं कोण बनवतं? त्यांचाच कोड. म्हणून हे सत्र दोन गटांत करा.

कागद हाताने बनवणाऱ्यांसाठी: वर्डमधल्या हेडिंग स्टाइलच वापरा. यादीसाठी यादीचंच बटन वापरा, हाताने डॅश घालू नका. तक्त्याची पहिली ओळ हेडर म्हणून ठरवा आणि चौकटी जोडू नका. चित्रांना अल्ट मजकूर द्या. मजकूर निवडून त्याची भाषा मराठी ठेवा. रिव्ह्यू मेनूतला चेक अ‍ॅक्सेसिबिलिटी चालवा. मग सर्वात महत्त्वाचं: पीडीएफ करताना "सेव्ह ॲज" वापरा आणि पर्यायांमध्ये रचनेच्या टॅगची खूण चालू आहे ना ते बघा. "प्रिंट" करून पीडीएफ बनवलं तर केलेली सगळी मेहनत जाते, कारण टॅग त्यात उतरत नाहीत. कितीतरी कार्यालयांत नेमकी हीच सवय आहे.

त्याहून वाईट सवय म्हणजे छापील परिपत्रकावर सही-शिक्का घेऊन ते स्कॅन करून चढवणं. ते पीडीएफ म्हणजे नुसता फोटो. कंट्रोल-एफने त्यातला एखादा शब्द शोधा. सापडला नाही तर स्क्रीन रीडरलाही काही सापडत नाही. सहीची प्रत ठेवायचीच असेल तर शेजारी मूळ वर्ड फाइल किंवा त्याच मजकुराचं वेबपान द्या. मूळ फाइल हरवली असेल तर टेसेरॅक्टसारखी मोफत ओसीआर साधनं, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणारी साधनं, मराठी ओळखतात, पण नंतर मुद्रितशोधन लागतंच.

देवनागरीची आणखी एक गुंतागुंत आहे. पीडीएफमध्ये अक्षरं सुंदर दिसतात, पण आत जोडाक्षरांचा युनिकोडशी मेळ बसलेला नसतो. कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकल्यावर वेलांट्या भलत्याच अक्षरावर जातात, काही अक्षरं गायब होतात. दिसणाऱ्या पानावरून हे ओळखता येत नाही. म्हणून नियम करा: प्रत्येक मराठी पीडीएफमधून एक परिच्छेद नोटपॅडमध्ये उतरवून वाचल्याशिवाय ते प्रसिद्ध करायचं नाही.

कोडमधून पीडीएफ बनवणाऱ्यांसाठी: तुमची लायब्ररी टॅग असलेलं पीडीएफ बनवते का, आणि देवनागरीची जुळणी नीट करते का, हे दोन प्रश्न ती निवडायच्या आधी विचारा. डब्ल्यूके-एचटीएमएल-टू-पीडीएफ हे जुनं लोकप्रिय साधन टॅग देत नाही. क्रोमच्या हेडलेस पद्धतीने बनवलेल्या पीडीएफमध्ये टॅग मिळतात, अर्थात मुळातलं एचटीएमएल नीट असेल तर. पासवर्ड लावताना स्क्रीन रीडरला मजकूर वाचू देणारी परवानगी बंद होत नाही ना, ते बघा. शेवटी पॅकमधून तपासा. हे साधन पीडीएफ-यूए या मानकाप्रमाणे चुका दाखवतं.

१०. आपोआप तपासणारी साधनं, आणि विकत मिळणारी विजेट

ॲक्स किंवा वेव्ह चालवायला शिकवायला वीस मिनिटं पुरतात. ते आधी शिकवू नका. आधी शिकवलं की "शून्य चुका" हेच ध्येय होऊन बसतं. साधनाला अल्ट मजकूर आहे की नाही एवढंच कळतं. तो बरोबर आहे का, हे माणसालाच ठरवावं लागतं. कीबोर्डने काम पूर्ण होतं का, हेही त्याला सांगता येत नाही. ही साधनं बिल्डमध्ये बसवा म्हणजे जुन्या चुका परत शिरणार नाहीत. हीच त्यांची योग्य जागा.

प्रशिक्षण चालू असतानाच एखादा विक्रेता येईल आणि म्हणेल, "एक ओळीचा स्क्रिप्ट टाका, संकेतस्थळ सुगम्य." कोपऱ्यात माणसाचं चिन्ह असलेलं ते विजेट. व्यवस्थापनाला हे आवडतं, कारण स्वस्त वाटतं. पण मुळात लेबल नसलेला फॉर्म आणि टॅग नसलेलं पीडीएफ त्याने दुरुस्त होत नाही, आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्याकडे अक्षर मोठं करायची, वाचून घ्यायची साधनं स्वतःची असतातच. अशाच दाव्यांवरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये अ‍ॅक्सेसीबी या कंपनीला दहा लाख डॉलर भरायला लावले. व्यवस्थापनाशी बोलताना हे उदाहरण जवळ ठेवा.

११. प्रशिक्षणानंतरचे पहिले काही आठवडे

सापडलेल्या सगळ्या चुका नेहमीच्या बग-ट्रॅकरमध्येच नोंदवा, वेगळ्या एक्सेलमध्ये नको. प्राधान्य ठरवताना "किती निकष मोडले" हे मोजू नका. "या चुकीमुळे काम अडतं का" हे विचारा. पैसे पाठवण्याचं बटन कीबोर्डने दाबता येत नसेल तर ती चूक पहिली. तळटीपेतल्या चिन्हाचा रंग नंतर.

काम पूर्ण झालं असं कधी म्हणायचं, त्या व्याख्येत दोन ओळी घाला: कीबोर्डने तपासलं, एनव्हीडीएवर ऐकलं. कोड रिव्ह्यू करणाऱ्याला त्या दोन्ही विचारायचा अधिकार द्या. प्रत्येक टीममधून एक माणूस निवडा, ज्याला या विषयाची मनापासून ओढ आहे. त्याच्या कामाच्या वेळातले काही तास अधिकृतपणे यासाठी काढून द्या, नाहीतर तो महिनाभरात थकेल.

अशा माणसाला पुढे शिकायचं असेल तर डब्ल्यू३सीचा प्राथमिक अभ्यासक्रम एडएक्सवर आहे आणि तो मोफत करता येतो. त्यानंतर आयएएपी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या दोन परीक्षा आहेत: सीपीएसीसी ही सर्वसाधारण ज्ञानाची आणि वॉज ही वेबच्या तांत्रिक बाजूची. डेव्हलपरने दुसरीची तयारी करावी. शुल्क डॉलरमध्ये असतं, तेव्हा कंपनीच्या शिक्षणनिधीतून ते मिळतं का हे अर्ज भरण्यापूर्वी विचारून घ्या.